वाचकांचे प्रश्न : फ्रेडी मर्क्युरीचा कोणता संच ऐकावा?

मागच्या अंकात पाचगणीच्या निवासी शाळांविषयी लिहिताना क्वीन या इंग्लिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचा एका ओळीत उल्लेख झाला होता. त्या एका ओळीवर बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिकोडी अशा गावांतून पत्रे येतील असे वाटले नव्हते. पण आली, आणि बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. फ्रेडीने बँडच्या बाहेर, स्वतःच्या नावावर जी गाणी गायली, त्यांचे निवडक संच त्याच्या मृत्यूनंतर एकामागून एक निघाले. त्यांतला कोणता घ्यावा, आणि एकच गाणे प्रत्येक संचात निराळे का ऐकू येते, असे हे प्रश्न आहेत. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझ्याकडे "द फ्रेडी मर्क्युरी अल्बम" ही कॅसेट आहे. १९९३ साली माझ्या मावसभावाने ती मडगावहून आणून दिली होती. तीस वर्षे मी त्यातली गाणी मूळ समजून ऐकत आलो. परवा मुलीने मोबाइलवर "लिव्हिंग ऑन माय ओन" लावले, तेव्हा आवाज तोच, पण ठेका वेगळा आणि वाद्येही वेगळी. मुलगी म्हणते तिचे खरे, मी म्हणतो माझे खरे. निवाडा आपण करावा. (एक निवृत्त प्राध्यापक, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : निवाडा द्यायचा तर तुमच्या कॅसेटवरचे गाणे मूळ नाही हे आधी सांगावे लागेल, आणि मुलीच्या मोबाइलवरचेही मूळ असेलच असे नाही. वाईट वाटून घेऊ नये. या एका गाण्याने आपल्यासारख्या पुष्कळांना असेच फसवले आहे.

मूळ गाणे १९८५ चे. फ्रेडीचा स्वतःच्या नावावरचा पहिला अल्बम "मिस्टर बॅड गाय" त्या वर्षी निघाला, त्यात ते आहे. अल्बमचे बरेचसे काम जर्मनीतल्या म्युनिक शहरातल्या म्युझिकलँड या स्टुडिओत झाले. गाणे सुटे बाजारात आले, तेव्हा ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत पन्नासाव्या क्रमांकाच्या वर गेले नाही. पुढे २४ नोव्हेंबर १९९१ रोजी फ्रेडी वारला. वर्षभराने, नोव्हेंबर १९९२ मध्ये, तुमच्याकडे आहे तो संच निघाला. त्यात अकरा गाणी आहेत, आरंभी "द ग्रेट प्रिटेंडर" आणि शेवटी "बार्सिलोना". हा संच हाती घेणाऱ्याला वाटते की ही जुनी गाणी फक्त एकत्र बांधली आहेत. प्रत्यक्षात त्यांतली बरीच गाणी दुसऱ्या लोकांकडून नव्याने मिसळून घेतलेली होती. उदाहरणार्थ, "टाइम" या गाण्याचे नवे मिश्रण नाइल रॉजर्स या अमेरिकन निर्मात्याचे आहे. "लिव्हिंग ऑन माय ओन"लाही तेव्हा नवा साज चढला. त्यानंतर १९९३ साली बेल्जियममधल्या नो मोअर ब्रदर्स या मंडळींनी ते आणखी एकदा केले, पहिल्या क्षणापासून नाचाचा सरळ ठोका लावला, आणि त्या ऑगस्टमध्ये हे गाणे ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. गायकाला जाऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. या यशानंतर संचाच्या पुढच्या आवृत्त्यांत जुने काढून हेच घातले गेले, त्यामुळे एकाच नावाच्या दोन कॅसेटांतही फरक निघू शकतो. त्यावर कडी म्हणून २०१९ साली "मिस्टर बॅड गाय"च्या मूळ टेपा काढून सगळा अल्बम पुन्हा मिसळला गेला. मात्र तेव्हा हेतू उलटा होता, म्हणजे १९८५ ची मांडणी तशीच ठेवून ती स्वच्छ ऐकू यावी एवढाच.

हे होते कसे, तेही सांगतो. स्टुडिओत आवाज एका पट्टीवर, ड्रम दुसऱ्या, कीबोर्ड तिसऱ्या पट्टीवर असे सगळे सुटे मुद्रित होते. नंतर कोणी तरी बसून कोणती पट्टी किती मोठी, कोणती मागे, कोणती अजिबात नको हे ठरवतो. आपण ऐकतो ते गाणे म्हणजे हे ठरवणे असते. रीमिक्स करणारा आवाजाची पट्टी ठेवतो आणि बाकीचे बदलतो, कधी सगळेच टाकून देतो. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत एखादे जुने भक्तिगीत डॉल्बीवर ठेक्याला चढवून वाजवतात, तेव्हा आवाज मूळ गायकाचाच असतो, पण गाण्याचा मालक दुसरा झालेला असतो. तसाच हा प्रकार. रीमास्टर म्हणतात ते वेगळे. त्यात मिश्रण तेच राहते, फक्त तयार गाण्याची चकाकी आणि पातळी सुधारली जाते.

घरच्या घरी ओळखायची खूण अशी, की १९८५ च्या गाण्यात फ्रेडी अर्थ नसलेल्या अक्षरांची जी धावपळ करतो, तिला वाद्ये प्रतिसाद देतात. तो थांबला की तीही थोडी श्वास घेतात. १९९३ च्या गाण्यात ठोका त्याच्यासाठी थांबत नाही. हे दोन्ही मुलीला शेजारी बसवून एकदा सलग ऐका. माझे मत विचाराल तर गाणे एकटेपणाचे आहे, आणि ते १९८५ च्या रूपातच एकटे वाटते. वेष्टनावर गाण्याच्या नावापुढे बारीक अक्षरांत काय छापले आहे ते वाचल्याशिवाय यापुढे कोणत्याही संचावर विश्वास ठेवू नये.

प्रश्न : एका माणसाचे दोन अल्बम, आणि त्यांवर निघालेले संच किती! हा मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाण्याचा प्रकार नाही का? मी स्वतः एका दुकानातून "संपूर्ण" म्हणून घेतलेली तबकडी निवडक निघाली. दुकानदाराने परत घेतली नाही. (एक तंबाखू व्यापारी, निपाणी)

उत्तर : आपला राग अर्धा रास्त आहे. हिशेब मांडू. स्टुडिओत केलेले पूर्ण अल्बम दोनच: १९८५ चा "मिस्टर बॅड गाय" आणि माँत्सेराट काबाये या स्पॅनिश ऑपेरा गायिकेबरोबरचा १९८८ चा "बार्सिलोना". त्यांवर १९९२ चा संच, २००० साली दहा सीडी आणि दोन डीव्हीडींचा "द सोलो कलेक्शन", २००६ साली, फ्रेडीच्या साठाव्या जन्मदिवसाच्या सुमारास, दोन सीडींचा "लव्हर ऑफ लाइफ, सिंगर ऑफ साँग्ज" आणि २०१९ साली "नेव्हर बोअरिंग". अमेरिकेत १९९२ साली वेगळ्या नावाने निघालेला संच धरलेलाच नाही. तंबाखूच्या व्यापारात एकाच मालाला इतकी नावे दिली असती तर गिऱ्हाईक उठून गेले असते.

पण उरलेला अर्धा भाग असा, की या संचांची खरी गरज होती. क्वीनचे करार ईएमआय कंपनीशी, पहिला सोलो अल्बम सीबीएसकडून आला, "बार्सिलोना" पॉलिडोरकडून. शिवाय अर्धी गाणी कोणत्याच अल्बमात नव्हती. "लव्ह किल्स" हे १९८४ चे गाणे जॉर्जियो मोरोडर याने "मेट्रोपोलिस" या जुन्या जर्मन मूकपटाला नवे संगीत दिले त्यासाठी झाले. "टाइम" आणि "इन माय डिफेन्स" ही डेव्ह क्लार्क याच्या "टाइम" या संगीत नाटकातली, १९८६ ची. "द ग्रेट प्रिटेंडर" १९८७ साली नुसते सुटे निघाले. आणि सगळ्यांत जुने, १९७३ चे "आय कॅन हिअर म्युझिक", तर "लॅरी ल्युरेक्स" या खोट्या नावाने, क्वीनचा पहिला अल्बम येण्याच्या थोडे आधी. ब्रायन मे आणि रॉजर टेलर त्यातही वाजवतात, म्हणजे क्वीनचे बहुतेक लोक एका खोट्या नावामागे लपलेले. हा सगळा पसारा एका ठिकाणी आणायला कोणी तरी कपाटे उघडायला हवीच होती.

मला खटकते ते वेगळेच. यांतल्या एकाही संचाची निवड फ्रेडीने केलेली नाही. तुलनेसाठी लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडचा गायक रॉबर्ट प्लांट पाहा. त्याचा "सिक्स्टी सिक्स टू टिंबक्टू" हा दोन तबकड्यांचा संच २००३ साली, त्याच्या हयातीत निघाला. नावातले सहासष्ट म्हणजे १९६६, त्याच्या पहिल्या मुद्रणांचा काळ. आणि टिंबक्टू म्हणजे माली देशातले गाव, ज्याच्या परिसरातल्या वाळवंटी महोत्सवात त्याने गायलेले गाणे दुसऱ्या तबकडीच्या शेवटी आहे. तिथे ऐकणाऱ्याला कोणी तरी हात धरून नेते आहे असे वाटते. फ्रेडीच्या बाबतीत हात धरणारे कंपनीचे लोक, जुने सहकारी आणि टेपा सांभाळणारे अभ्यासक आहेत. ते मन लावून काम करतात, पण त्याने "लेट्स टर्न इट ऑन" ठेवले असते की गाळले असते, हे त्यांना तरी कुठून कळणार?

बालगंधर्वांच्या बाबतीत आपण हेच भोगले आहे. रंगभूमीवर त्यांचे एकेक पद वन्समोअर घेत किती तरी वेळ चाले, असे जुनी माणसे सांगत. आपल्या पिढीच्या हाती उरल्या त्या तीन-साडेतीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिका. त्यांचे संच ऐकून "बालगंधर्व असे गात" म्हणणे जितके धाडसाचे, तितकेच १९९२ चा संच ऐकून "फ्रेडीची सोलो गाणी अशी" म्हणणे.

दुकानदाराचे म्हणाल तर दोष त्याच्या गळी बांधता येणार नाही. "संपूर्ण" हा शब्द २००० च्या मोठ्या पेटीलाच थोडाफार शोभतो. त्यात दोन्ही अल्बम, सुट्या गाण्यांच्या दोन तबकड्या, एक नुसत्या वाद्यसंगीताची, तीन दुर्मीळ मुद्रणांच्या आणि एक डेव्हिड विग या पत्रकाराने घेतलेल्या मुलाखतींची आहे. १९९२ च्या अमेरिकन संचालाही एक जागा दिली आहे. वाद्यसंगीताची तबकडी मी दुसऱ्यांदा लावलेली नाही. २००६ च्या संचातली दुसरी, रीमिक्सची तबकडी मात्र लोण्याच्याच खात्यात जमा करावी.

प्रश्न : मी नाट्यसंगीत ऐकणारी बाई. मुलाने "बार्सिलोना" ऐकवले आणि त्या स्पॅनिश बाईंच्या आवाजाने अंगावर काटा आला. पण मागचे वाद्यवृंद खोटे वाटले, प्लास्टिकच्या फुलांसारखे. मुलगा म्हणतो, खऱ्या वाद्यवृंदाचे पण आहे. मग आधी खोटे का केले? आणि कोणते ऐकू? (एक गृहिणी, खानापूर)

उत्तर : आपला कान पक्का आहे. १९८८ च्या अल्बममध्ये वाद्यवृंदाचा बहुतांश भाग माइक मोरन या संगीतकाराने कीबोर्डवर वाजवलेला आहे. खऱ्या वाद्यवृंदाची आवृत्ती २०१२ ची. त्यासाठी प्रागच्या फिल्महार्मोनिक वाद्यवृंदाकडून सगळे नव्याने वाजवून घेतले आणि फ्रेडी व काबाये यांचे मूळ आवाज त्यावर ठेवले. "हाऊ कॅन आय गो ऑन"मध्ये डेव्हिड गॅरेटचे व्हायोलिनही आले.

आधी खोटे का, याला एक गोष्ट सांगावी लागेल. फ्रेडीने काबाये यांना लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये ऐकले होते आणि तेव्हापासून तो त्यांच्या आवाजाने वेडावला होता. मार्च १९८७ मध्ये बार्सिलोनातल्या रिट्झ हॉटेलात त्यांची भेट ठरली. जाताना त्याने एक टेप नेली. "द ग्रेट प्रिटेंडर"च्या मागच्या बाजूला घातलेले ते गाणे, "एक्सरसायझेस इन फ्री लव्ह". त्यात शब्द एकही नाही. मोरनच्या पियानोवर फ्रेडी आपला आवाज वर चढवून, काबाये जसे गातील तसे, नुसत्या स्वरांत गातो. म्हणजे गुरूसमोर त्याच्याच गायकीची नक्कल घेऊन जाण्याचे धाडस. काबाये यांना ते इतके आवडले की त्यांनी ते स्वतः लंडनच्या मैफलीत गाऊन टाकले. नंतर त्याला स्पॅनिश शब्द लागले आणि ते "एनसुएन्यो" या नावाने अल्बमात आले.

सगळा अल्बम असाच, पियानो आणि कीबोर्डभोवती बसून बांधला गेला. काबाये यांच्या तारखा जगभर पसरलेल्या. फ्रेडी आपला आवाज आणि त्यांच्या जागाही स्वतः वरच्या पट्टीत गाऊन टेपेवर ठेवी, त्यांना ऐकायला पाठवी आणि त्या आल्या की त्यांचा भाग मुद्रित होई. त्या घाईत मोठा वाद्यवृंद बांधणे सोपे नव्हते, आणि त्या काळी कीबोर्डवरून वाद्यवृंद काढण्याची हौसही सगळ्यांनाच होती. आपल्याकडे सारंगीच्या जागी पेटी आली, तेव्हा सोय झाली आणि काही मिंडा गेल्या, तशातला हा प्रकार आहे.

कोणते ऐकावे? मुख्य गाणे, म्हणजे "बार्सिलोना", २०१२ चे ऐका. काबाये यांचा आवाज वर सुटतो तेव्हा त्याला खाली खरी तारवाद्ये असणे हा न्याय आहे. हेच गाणे १९८७ साली ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकावर गेले होते आणि बार्सिलोनात ऑलिंपिक भरले त्या १९९२ सालच्या उन्हाळ्यात, फ्रेडी हयात नसताना, दुसऱ्यावर. पण "एक्सरसायझेस" मात्र १९८७ चेच ऐका, नुसत्या पियानोवरचे. तो तुकडा संचांत सहसा मधोमध टाकलेला असतो आणि लोक तो ओलांडून पुढे जातात. आपण नाट्यसंगीत ऐकणाऱ्या आहात, आपण ओलांडणार नाही.

प्रश्न : "आय वॉज बॉर्न टू लव्ह यू" क्वीनचे की फ्रेडीचे? संचातल्या गाण्यात ती जोरदार गिटारच नाही. तबकडीत बिघाड आहे का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, शहापूर, बेळगाव)

उत्तर : बिघाड नाही. गाणे फ्रेडीचे, १९८५ चे, "मिस्टर बॅड गाय"मधले. त्यात कीबोर्ड आणि नाचाचा ठेका पुढे आहे. १९९५ साली क्वीनच्या उरलेल्या तिघांनी "मेड इन हेवन" हा अल्बम केला, तेव्हा हा आवाज घेऊन त्याभोवती स्वतः वाजवले. तू ऐकलेली गिटार ब्रायन मे याची. "मेड इन हेवन" हे गाणेही असेच दोन्हीकडे आहे, आणि "लव्ह किल्स" २०१४ साली क्वीनने संथ करून पुन्हा काढले. सोलो संचात ही गाणी क्वीनच्या पोशाखात येत नाहीत. तशी हवी असतील तर क्वीनचे अल्बम पाहावेत.

प्रश्न : मी गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. इंग्रजी कळत नाही, ड्रमच्या धडधडाटाने डोके दुखते. पण नातू म्हणतो, आजोबा, या माणसाचा गळा ऐकाच. गळा तेवढा ऐकायला मिळेल असे काही या संचांत आहे का? (एक पेटीवादक, संकेश्वर)

उत्तर : आहे, आणि आजोबा, तुमचा प्रश्न आल्याबद्दल या सदराचा लेखक नातवाचा ऋणी आहे.

१९८६ साली "टाइम" या नाटकाच्या गाण्यांसाठी फ्रेडी लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत गेला. बाजारात आलेल्या गाण्यात त्याच्या मागे त्याच्याच आवाजाचे थरांवर थर आहेत, कोरस आहे, पुष्कळ वाद्ये आहेत. गाणे भरजरी आहे, आणि खरे सांगायचे तर त्या जरीखाली थोडे गुदमरलेले. पण त्याआधी गाणे बसवताना फक्त माइक मोरन पियानोवर आणि फ्रेडी समोर, एवढेच टेपेवर घेतले होते. नाटकाचा निर्माता डेव्ह क्लार्क याच्या मनात ती पहिली तालीम घर करून राहिली. त्याने अनेक वर्षे जुन्या टेपा धुंडाळल्या, आवाजाची ती पट्टी सापडल्यावर मोरनला पुन्हा पियानोवर बसवले, आणि जून २०१९ मध्ये "टाइम वेट्स फॉर नो वन" या नावाने ते गाणे बाहेर आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेल्या "नेव्हर बोअरिंग" या संचात ते आहे.

आता तुमच्या कामाचे. हे गाणे मोबाइलच्या भोंग्यावर ऐकू नका. नातवाकडून कानात घालायचे यंत्र घ्या. पहिल्या ओळी तो बोलल्यासारख्या, खालच्या पट्टीत ठेवतो, पियानो नुसता सूर धरतो. मंडळात पखवाजवाला यायच्या आधी तुम्ही आणि बुवा दोघेच बसून अभंगाची चाल लावून पाहता, तेव्हा बुवा जसे गातात, गळा जपत, शब्द चाचपत, तसा तो तिथे गातो. मग मध्यावर एका ठिकाणी स्वर वर नेताना आवाजाला किंचित खर लागते. भरजरी गाण्यात ती खर कोरसाखाली झाकलेली आहे. इथे ती उघडी आहे आणि तो ती लपवत नाही. तिथे तुमचा हात आपोआप पेटीच्या भात्याकडे जाईल. ते झाले की "इन माय डिफेन्स" ऐका, त्याच नाटकातले. ड्रम त्यातही येतात, पण उशिरा.

प्रश्न : एकच गाणे ऐकून हा माणूस कळावा, असे कोणते? वेळ कमी आहे. (एक औषध विक्रेता, कॅम्प, बेळगाव)

उत्तर : "द ग्रेट प्रिटेंडर". गाणे त्याचे नाही. १९५५ साली अमेरिकेतल्या प्लॅटर्स या गटाने गाजवलेले. फ्रेडीने गायलेले ते १९८७ साली ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर गेले. शक्य असल्यास चित्रफितीसह पाहा. मिशी उतरवलेला फ्रेडी तिच्यात क्वीनच्या जुन्या चित्रफितींतले पोशाख आणि आविर्भाव पुन्हा अंगावर चढवून स्वतःचीच थट्टा करतो, आणि साडेतीन मिनिटांत स्वतःचा संच स्वतः करून दाखवतो. वर निपाणीच्या वाचकांना सांगितले की त्याने स्वतः निवडलेला एकही संच नाही. ही चित्रफीत त्याला अपवाद मानता येईल.

प्रश्न : फ्रेडी पाचगणीला शिकला, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यातच वाढला. मग त्याच्या कोणत्याही संचात पाचगणीचे काहीच कसे नाही? शाळेतल्या बँडचे मुद्रण कुठे मिळेल? आम्ही चार मित्र मोटारीने पाचगणीला जाऊन चौकशी करण्याच्या विचारात आहोत. (एक शिक्षक, चिकोडी)

उत्तर : जरूर जा, कोल्हापूर, सातारा, वाई आणि पसरणीचा घाट असा रस्ता छान आहे; पण मुद्रणासाठी जाऊ नका. फ्रेडी म्हणजे फारुख बुलसारा, पारशी कुटुंबातला, जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा झांझिबारमधला. आठ-नऊ वर्षांचा असताना त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवले. पियानोचे धडे तिथे झाले, आणि साधारण बाराव्या वर्षी शाळकरी मित्रांबरोबर "द हेक्टिक्स" हा बँडही. त्यात तो मुख्यतः पियानोवर असे. १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला आणि पुढच्या वर्षी तिथल्या क्रांतीमुळे घरच्यांसह इंग्लंडला गेला. हेक्टिक्सचे गाणे वर सांगितलेल्या एकाही संचात नाही.

आणि एक मनातले बोलतो, राग मानू नये. कुमार गंधर्वांचा जन्म आपल्या सुळेभावीचा याचा आपल्याला अभिमान आहे, पण त्यांचे गाणे समजून घ्यायला कान देवासकडेच लावावा लागतो. फ्रेडीच्या सोलो गाण्यांचे गाव म्युनिक आणि लंडन आहे, थोडे बार्सिलोना. पाचगणीचा अंश शोधायचाच तर "एक्सरसायझेस" किंवा "टाइम" यांतला पियानोही उपयोगी नाही, कारण तो मोरनचा आहे. "मिस्टर बॅड गाय"मध्ये मात्र पियानो बऱ्याच ठिकाणी फ्रेडीचा स्वतःचा आहे.

सर्वांत जुने काही हवे असेल तर २००० च्या पेटीतल्या दुर्मीळ मुद्रणांच्या तिसऱ्या तबकडीकडे वळा. तिच्यात १९६९ साली, क्वीन जन्मण्याआधी, "रेकेज" नावाच्या बँडच्या सरावात टेपेवर पकडलेले "ग्रीन" आहे. मुद्रण अगदी कच्चे आहे, पण तेवीस वर्षांचा तो कोवळा गळा लगेच ओळखू येतो. ही पेटी आता नवी सहजी मिळत नाही. जुनी हाती लागली तर पैसे देण्यापूर्वी दहा सीडी, दोन डीव्हीडी आणि सोबतचे जाड पुस्तक मोजून घ्यावे. नेमकी तिसरी दुर्मीळ तबकडीच गहाळ असलेली एक पेटी मी स्वतः एकदा घेऊन बसलो आहे.